शंभर वर्षांचा हिशेब कसा मांडावा?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी साहित्य शिकविणाऱ्या अध्यापकाने कोष्टके आणि आलेख यांवर बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटेल. परंतु आपल्या सार्वजनिक जीवनात अक्षर आणि अंक यांची सोयरीक जुनी आहे. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १८६७-६८ सालच्या उत्पन्नाचा हिशेब करून हिंदी माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी वीस रुपये येतात, असे त्यांनी इंग्रजांपुढे मांडले. नामदार गोखले यांनीही फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविले होते. १९०२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलातील अर्थसंकल्पावरच्या भाषणात त्यांनी सरकारच्याच शिलकीचे आकडे घेतले आणि रयतेवर गरजेपेक्षा अधिक कर बसल्याची ती खूण आहे, असे प्रतिपादन केले. आकडे सर्वांसमोरच होते. ते कोणत्या प्रश्नासाठी आणि कोणत्या क्रमाने लावावयाचे, हे या दोघांना ठाऊक होते.

आपले ग्रंथालय शंभर वर्षांचे झाले. सभासदांची नोंदवही, दाखल पुस्तकांची नोंदवही, देवघेवीची रजिस्टरे आणि वार्षिक अहवाल, एवढे धन कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात असते. ते वाचणार कसे, हा आजचा प्रश्न आहे.

वर्गीकरण ही गोष्ट ग्रंथालयाला परकी नाही. आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली, तेव्हापासून पुस्तक आपल्या जागी असले पाहिजे हे आपण जाणतो. आकड्यांनाही अशीच जागा लागते. नोंदवहीतील सभासदांची वये एकाखाली एक लिहिली, तर त्यांतून काहीच उमगत नाही. पंधरापर्यंत, सोळा ते तीस, एकतीस ते पंचेचाळीस असे वर्ग पाडावेत. प्रत्येक नोंदीसाठी एक उभी रेघ ओढावी आणि पाचवी रेघ आधीच्या चारांवरून आडवी न्यावी. अशा ताळ्याच्या खुणा मोजल्या की प्रत्येक वर्गाची वारंवारता मिळते. मात्र एक वय दोन वर्गांत बसता कामा नये आणि कोणतेही वय बाहेर राहता कामा नये.

कोष्टक मांडताना चार गोष्टी सोडू नयेत : विषय, स्थळ आणि काळ सांगणारे शीर्षक, प्रत्येक स्तंभाचे परिमाण, माहितीचा आधार, आणि अपवाद सांगणारी तळटीप. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण घेऊ.

भारतातील मराठी मातृभाषकांची संख्या व प्रमाण, १९७१ ते २०११

| जनगणनेचे वर्ष | संख्या (कोटी) | देशातील प्रमाण (टक्के) |
|---|---|---|
| १९७१ | ४.१८ | ७.६२ |
| १९८१ | ४.९५ | ७.४३ |
| १९९१ | ६.२५ | ७.४५ |
| २००१ | ७.१९ | ६.९९ |
| २०११ | ८.३० | ६.८६ |

आधार : भारतीय जनगणना. तळटीप : १९८१ साली आसामात व १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झाली नाही, त्या वर्षांचे आकडे ते प्रदेश वगळून आहेत.

मधला स्तंभ वाचणारा म्हणेल, चाळीस वर्षांत मराठी माणसे जवळजवळ दुप्पट झाली. शेवटचा स्तंभ वाचणारा म्हणेल, मराठीचा वाटा आक्रसत चालला आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. याच काळात देशाची लोकसंख्या सुमारे २.२ पट झाली, म्हणून संख्या वाढूनही प्रमाण उतरले. सभेत टाळ्या हव्या असणारा पहिला स्तंभ उचलतो, गजर करावयाचा असणारा दुसरा उचलतो. कोष्टकाचा उपकार असा की ते दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी ठेवते आणि निवाडा वाचकावर सोपविते.

आता आलेखाकडे वळू. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली लंडनमध्ये व्यापाराचे आकडे रेषांनी आणि स्तंभांनी दाखविले. १८०१ च्या त्यांच्या ग्रंथात वृत्तालेख आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची वर्तुळाकार आकृती १८५८ साली प्रसिद्ध केली. प्रत्येक महिन्याला एक पाकळी आणि मृत्यूच्या कारणांना निरनिराळे रंग, अशी तिची रचना होती. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक गेले, हे ती पाहताक्षणी कळत असे.

कालानुसार होणारा बदल रेषालेखाने दाखवावा, निरनिराळ्या गटांची तुलना स्तंभालेखाने करावी आणि एका पूर्णाचे मोजके भाग वृत्तालेखाने दाखवावेत. चित्राचा परिणाम जेवढा मोठा, तेवढी जबाबदारीही मोठी. वरच्या कोष्टकातील प्रमाणाचा स्तंभालेख शून्यापासून काढला, तर २०११ चा स्तंभ १९७१ पेक्षा दहाव्या हिश्श्याने बुटका दिसेल. तोच उभा अक्ष साडेसहापासून सुरू केला, तर तो स्तंभ पहिल्याच्या एकतृतीयांशाएवढाही उरणार नाही. आकडे तेच राहतील, पण पाहणाऱ्याच्या मनावर भलताच ठसा उमटेल. म्हणून स्तंभालेख शून्यापासून सुरू व्हावा, हा माझा आग्रह आहे.

हीच कसोटी आपण स्वतःला लावली पाहिजे. ग्रंथालयांच्या अहवालांत एकूण पुस्तकांचा आकडा ठळकपणे छापला जातो. हा आकडा साठत जाणारा आहे. जीर्ण पुस्तके फारशी काढली नाहीत, तर वाचक शून्यावर आले तरी तो वाढतच राहील. आजीव सभासदांचेही तसेच. ज्यांचे नाव वहीत आहे, पण ज्यांनी वर्षभरात एकही पुस्तक नेले नाही, त्यांना सभासद म्हणावे; वाचक म्हणून मोजू नये. जनगणना मातृभाषा विचारते, मराठी पुस्तक कोण वाचतो हे विचारीत नाही. आपल्या गावात मराठी वाचन किती उरले आहे, याचा पुरावा देवघेवीच्या खिडकीशीच मिळेल.

म्हणून शताब्दीनिमित्त तीन कोष्टके तयार करावीत, अशी माझी विनंती आहे. पहिल्यात दर दहा वर्षांनी एक वर्ष घेऊन त्या वर्षी प्रत्यक्ष पुस्तक नेणाऱ्या सभासदांची संख्या वयोगटांनुसार असावी. दुसऱ्यात त्याच वर्षांची विषयवार देवघेव असावी आणि बालविभाग स्वतंत्र दाखवावा. तिसऱ्यात नवे सभासद आणि सोडून गेलेले सभासद शेजारी शेजारी मांडावेत. ज्या वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या असतील, तेथे आडवी रेघ द्यावी आणि तळटीप लिहावी. अंदाजाने जागा भरू नये आणि नोंद नाही म्हणून शून्यही लिहू नये.

या कोष्टकांतून जे निघेल ते कदाचित सुखद नसेल. पंधरा वर्षांखालच्या वाचकांचा स्तंभ अगदी बुटका निघाला, तर तो आलेख पहिल्या पानावर छापण्याचे धैर्य आपण दाखवावे, कारण बालविभागावर किती खर्च करावयाचा आणि संध्याकाळी वाचनालय किती वाजेपर्यंत उघडे ठेवावयाचे, हे निर्णय त्यावरूनच घ्यावे लागतील. मागच्या पिढ्यांनी रोज नेमाने नोंदी केल्या, म्हणून आज आपणांस हिशेब मागता येतो. पुढच्या शंभर वर्षांच्या वाचकांसाठी आपणही तो खरा आणि स्वच्छ मांडून ठेवू या.