कोंबडीने अंडे कोठे घालावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी या दिवशी शिवणकामावर भाषण झाले, त्याच्या आदल्या वर्षी पापड-कुरडयांवर. यंदा अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही कोंबड्यांवर बोला." त्या वेळी बैठकीत जो हशा पिकला तो मी विसरलेले नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, बोलण्याची सवय नाही. पण लग्न होऊन चारठाण्यास आले त्या वर्षापासून मी कोंबड्या पाळते आहे, तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला हरकत नसावी. आपल्यातल्या पुष्कळजणी अंड्याला शिवत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यांनी हे भाषण शेजाराविषयी आहे असे समजून ऐकावे. ते तसे आहेही.

प्रथम माझी चूक सांगते. ती चारजणींसमोर झाली होती, म्हणून चारजणींसमोरच सांगितली पाहिजे.

गोष्ट २०२१ सालच्या दिवाळीनंतरची. माझ्याकडे आठ कोंबड्या होत्या, सर्व गावरान. रोज तीन-चार अंडी मिळत. ती विकून मी आपल्या भिशीचा हप्ता भरीत असे. घरात त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नसे. एकाएकी अंडी कमी झाली. कधी एक, कधी तेही नाही. त्या महिन्यात माझा हप्ता चुकला, आणि तो चुकला हे बैठकीत वाचून दाखविले गेले. मला फार लागले.

कोंबड्या दिवसभर शेजारच्या अंगणात चरत. त्यांच्या सरपणाच्या ढिगात पूर्वी एकदा माझ्या कोंबडीचे अंडे मिळालेही होते. मी मनात हिशेब जुळविला, आणि एके सकाळी नळावर मोठ्याने म्हटले, "कोंबड्या माझ्या, दाणा माझा, अंडी मात्र दुसऱ्याच्या चुलीवर!" नाव घेतले नाही. आपल्या गल्लीत नाव घ्यावे लागत नाही.

त्या दिवसापासून बोलणे बंद. संक्रांतीला त्यांनी मला हळदीकुंकवाला बोलावले नाही, मी त्यांना बोलावले नाही. त्यांची नात आणि माझी मुलगी एका वर्गात. त्या दोघी शाळेला वेगवेगळ्या जाऊ लागल्या.

माघात आमची कडब्याची गंजी खाली येत चालली. एके दिवशी आमचे हे वैरण काढायला गेले आणि त्यांनी मला हाक मारली. पेंढ्यांच्या मधल्या पोकळीत २३ अंडी होती, आणि भोवती कितीतरी टरफले. तो मुंगसाचा वाटा. ह्यांनी नुसते बोट दाखविले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. काही अंडी इतकी नासली होती की उचलताना एक फुटले, त्याचा वास दोन दिवस गेला नाही.

चार दिवस मला भिंतीपलीकडे जाण्याचे धैर्य झाले नाही. पाचव्या दिवशी गेले. काकू धान्य निवडीत होत्या. मी सर्व सांगितले. त्यांनी मान वर न करता म्हटले, "अंडी सापडली ते बरं झालं. पण माझं गेलेलं नाव आता कोणत्या गंजीत हुडकायचं?"

मला उत्तर सुचले नाही. घरी आले आणि त्या रात्री ठरविले की माझ्या कोंबडीचे अंडे यापुढे माझ्याच दारात, माझ्या डोळ्यांसमोर पडले पाहिजे.

आता कोंबडी लपून अंडे का घालते? मुलगी मोबाईलवर शोधून मला वाचून दाखविते, तिच्याकडून मी हे शिकले. आपल्या घरच्या कोंबड्या मूळच्या रानातल्या तांबड्या रानकोंबडीच्या वंशातल्या. ती झुडपाच्या बुडाशी, आडोशाला, जमीन जराशी उकरून अंडी घालते. तेथे कोल्ह्यामुंगसांची नजर पडू नये हीच तिची खटपट. हजारो वर्षे माणसाच्या घरी राहूनही कोंबडीच्या अंगातून ती खोड गेलेली नाही. कोंबडी अंड्यावर आली की तिचा तुरा लालभडक होतो, ती कण्हल्यासारखा आवाज करीत कोपरे धुंडाळीत फिरते. त्या वेळी तिला अंधार, आडोसा आणि मऊ जागा हवी असते. आपल्या चारठाण्याला लोक जुनी दगडी देवळे आणि बारव बघायला लांबून येतात. माझी एक कोंबडीही एकदा पडक्या भिंतीच्या कोनाड्यात जाऊन बसली होती. तिला शिल्पाशी काय करायचे? कोनाडा अंधारा होता, एवढेच.

ही गोष्ट आता मोठमोठ्या देशांनीही मानली आहे. युरोपातल्या देशांच्या संघाने २०१२ सालापासून कोंबड्यांचे साधे उघडे पिंजरे बंद केले. पिंजरा ठेवायचाच तर त्यात अंडे घालण्यासाठी वेगळा आडोसा द्यावा लागतो. मला हे ऐकून हसू आले. मी गंजीवर काठी घेऊन धावत होते, आणि तिकडे कायदा कोंबडीच्या बाजूने होता.

पहिली पेटी मी गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याची केली. फुकटची होती, म्हणून केली. एकही कोंबडी आत गेली नाही. पत्रा चकाकतो, पाय ठेवला की वाजतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तापून तवा होतो. दुसऱ्यांदा फळांची लाकडी पेटी आणली, पण ती खुराड्यात बसण्याच्या दांडीपेक्षा उंच टांगली. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा पकडते. सगळ्या पेटीतच झोपू लागल्या आणि सकाळी आत अंड्याऐवजी विष्ठाच विष्ठा! तेव्हा पेटी खाली घेतली, जमिनीपासून हातभर उंच, आणि झोपण्याची दांडी तिच्याहून वर बांधली. संध्याकाळी पेटीच्या तोंडाला फळी लावते, पहाटे काढते.

माप सांगते. दीड वीत लांब, दीड वीत रुंद, दीड वीत उंच. वनराजासारखी जड जात असेल तर दोन बोटे वाढवावे. समोर चार बोटांचा उंबरा ठेवावा, म्हणजे भुसा आणि अंडे बाहेर येत नाही. वरच्या अर्ध्या भागावर गोणपाटाचा पडदा. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. सगळ्यांचे मन एकाच पेटीवर बसते आणि शेजारची रिकामी राहते, ते वेगळे. आपणही बैठकीत एकाच खांबाला टेकायला भांडतो. आत गव्हाचा भुसा किंवा वाळले गवत घालावे. जुन्या गोधडीच्या चिंध्या घालू नयेत, नखात दोरे अडकतात. भुशाखाली मूठभर कडुनिंबाचा वाळला पाला मी टाकते, आणि भुसा ओला दिसला की त्याच दिवशी बदलते.

पेटी केली म्हणजे काम झाले असे नव्हे. कोंबडीला जुनी जागा विसरावयास लावणे हे खरे अवघड. गंजीची पोकळी, सरपणाचा ढीग, कणगीमागचा कोपरा, जेथे जेथे ती बसे तेथे मी दगड रचले. पेटीत अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत गोटा ठेवला. एका कोंबडीने अंडे घातलेले दिसले की दुसरीला ती जागा निर्धास्त वाटते. खरे अंडे मात्र खूण म्हणून ठेवू नये. ते नासते, फुटते, आणि कोंबडीला अंडे खाण्याची चव लागते. ती चव एकदा लागली की सुटत नाही. आणि आठवडाभर सकाळी साडेदहा-अकरापर्यंत मी त्यांना खुराड्याबाहेर सोडलेच नाही. आत पाणी आणि दाणा ठेवला. पहिले तीन दिवस त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "सोड माय त्यांना, शाप देतील." मी सोडले नाही. कोंबड्या बहुतेक अंडी सकाळीच घालतात, म्हणून ही युक्ती चालते. पण एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यांतले वीसेक तास नुसत्या कवचाला. त्यामुळे आज सातला घातले तर उद्या आठला, परवा आणखी उशिरा, असे होत होत एक दिवस खाडा पडतो. खाडा पडला म्हणून कोणावर संशय घेऊ नये.

सहाव्या दिवशी कवडी कोंबडी आपण होऊन पेटीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर येऊन तिने जो पुकारा केला तो पलीकडे काकूंनीही ऐकला असेल.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. पण पेटीत एकदम हात घालू नये, आधी काठीने भुसा हलवावा. माझ्या पेटीत एकदा धामण निघाली. धामण बिनविषारी, तरी माझे हातपाय गार पडले. नाग निघाला असता तर आज हे भाषण दुसऱ्या कोणी केले असते.

खुडूक कोंबडी पेटी अडवून बसते, दुसरीला येऊ देत नाही. तिच्याखाली अंडी ठेवून २१ दिवस बसवायची असेल तर वेगळी टोपली द्यावी. बसवायची नसेल तर उजेडात, वारा खेळेल अशा डालग्याखाली तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवावी, ताळ्यावर येते. तिला पाण्यात बुडवणे, नाकात पीस खुपसणे हे प्रकार मी लहानपणी पाहिले आहेत. आपण लेकुरवाळ्या बायका, आपल्या हातून ते होऊ नये.

आणखी एक. प्रत्येक अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास चुना जातो. तो तिला मिळाला नाही तर कवच पातळ होते आणि पेटीतच फुटते. शिंपल्यांचा चुरा द्यावा, नाहीतर घरची टरफले भाजून बारीक कुटून द्यावीत. टरफलाचा आकार तिला ओळखू येता कामा नये. पेटी चांगली असूनही अंडी बंद झाली, कोंबड्या मलूल दिसल्या, तर घरगुती उपाय करीत बसू नये. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ सालापासून आहे. आपल्याच जिल्ह्यातले आहे, विचारायला लाज कसली?

आज माझ्याकडे दहा कोंबड्या आणि तीन पेट्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यांतली बहुतेक आता माझ्या हाती येतात. भिशीचा हप्ता २०२२ च्या होळीपासून एकदाही चुकलेला नाही.

मात्र एक तांबडी आहे, ती कशालाही बधत नाही. पेटी दिली, कोंडली, गोटा ठेवला. अकराला सोडली की ती भिंत ओलांडून काकूंच्या सरपणात जाते. आमचे बोलणे त्या फाल्गुनात सुरू झाले नाही. पुढल्या श्रावणात एका संध्याकाळी भिंतीवर एक अंडे ठेवलेले दिसले. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी मी भिंतीशी थांबले, काकू आल्या, अंडे ठेवले आणि म्हणाल्या, "मोजून घे." मी म्हटले, "काकू, नाही मोजत." यंदाच्या संक्रांतीला आम्ही एकमेकींकडे जाऊन आलो. काकू आज समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सर्व सांगण्यापूर्वी मी त्यांना विचारले होते. "सांग, पण लांबण लावू नको," असे त्या म्हणाल्या होत्या. लांबण लागलीच.

माझ्याकडे फळांच्या दोन रिकाम्या पेट्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी सभा संपल्यावर घेऊन जाव्यात. पांढरे गोटेही देते.