मुद्द्यांवरून उपदेश
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये पाच-सहा जण सहज निघतील. मी वेगळं काहीतरी सांगते. ते मी याच शाळेत शिकले, पण शिकले हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

गेली नऊ वर्षं मी दर मे महिन्यात आठवडाभर रजा काढून पुण्याहून खामगावला येते. आजूबाजूच्या गावांतली आमच्या चर्चची पंधरा-वीस मुलंमुली तिथे जमतात. दहावी-बारावीची असतात, काही कॉलेजची. त्यांना मी उपदेश करायला शिकवते. नाताळात माझा डबा उघडायच्या आधीच करंज्या संपवणारे तुम्ही लोक. त्यामुळे मी कोणत्या घरातली हे तुम्हाला सांगायला नको. पण उपदेश म्हणजे काय ते सांगते. रविवारच्या उपासनेत पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा आणि त्याचा अर्थ समोरच्यांना समजेल असा सांगायचा. लहान गावांत एकेका पाळकाकडे चार-पाच मंडळ्या असतात. ते येऊ शकले नाहीत तर कुणीतरी उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे ही मुलं.

पहिल्या वर्षी मी आले ती मोठी तयारी करून. प्रोजेक्टर, स्लाइड, सगळं. पहिल्याच दिवशी एका मुलीला उभं केलं. तिने मोबाइलवरून एक उपदेश शब्दशः पाठ करून आणला होता. त्यात बर्फ होता, भुयारी रेल्वे होती, आणि "माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेत" असंही एक वाक्य होतं. ती सतरा वर्षांची होती. चौथ्या मिनिटाला ती अडकली, आणि मग रडायलाच लागली.

त्या रात्री मला आपला मराठीचा पेपर आठवला. प्रश्न असायचा : 'दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा.' एक गाव – नदी – पूर – म्हातारी – होडी – तात्पर्य. सहा शब्द आणि पुढे आपण. आपल्या मराठीच्या बाई इथे समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही सांगायचात की मुद्दे पाठ करा, वाक्यं पाठ करू नका; वाक्य विसरलं तर माणूस थांबतो, मुद्दा लक्षात असला तर वाक्य आपोआप येतं. तेव्हा आम्हाला ती मार्क मिळवायची युक्ती वाटली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्टर गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर मुद्दे लिहिले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार लोकांच्या जेवणाची गोष्ट आहे. तिथे एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या असतात. मुद्दे तीन : जे होतं ते थोडं होतं. ते त्याने जवळ ठेवलं नाही. ते पुरून उरलं. मग स्वतःच्या गावातलं एक उदाहरण, आणि शेवटी एकच वाक्य : सोमवारी सकाळी मी काय करणार? रडलेली मुलगी पुन्हा उभी राहिली. पाच मिनिटं बोलली. उदाहरण म्हणून तिने त्यांच्या गल्लीतल्या लग्नाचं सांगितलं. पाहुणे जास्त आले आणि शेजारच्या सात घरांतून पोळ्या गोळा केल्या. सगळे हसले, आणि मुद्दा सगळ्यांना कळला.

ही काही माझी कल्पना नव्हे. इंग्लंडमधल्या केंब्रिजला चार्ल्स सिमियन नावाचे धर्मगुरू होऊन गेले. १७८२ पासून १८३६ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षं ते एकाच चर्चमध्ये होते. विद्यापीठातल्या तरुण विद्यार्थ्यांना खोलीवर बोलावून ते उपदेश रचायला शिकवत. पुढे त्यांनी उपदेशांच्या अडीच हजारांहून अधिक रूपरेषा एकवीस खंडांत छापल्या. त्या रूपरेषांना ते 'सांगाडे' म्हणत. मांस ज्याचं त्याने भरायचं. त्यांचा आग्रह एवढाच होता की उताऱ्यात जे आहे तेच बाहेर काढावं, आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालू नये.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आपण शेगावच्या जवळची माणसं. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतात आणि त्याचं एकेक चरण उलगडत जातात, मध्ये दृष्टान्त देतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषय मांडतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. रूपरेषाच ती. मराठीतून लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी ही वाट फार पूर्वी ओळखली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलं ते दहा हजारांहून जास्त ओव्यांत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाचा मार्ग धरला. आणि लक्ष्मीबाई टिळक तर शाळेत गेलेल्याही नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर झाली. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना कुणीतरी ओट्यावर बसून आपल्याशी बोलतंय असं वाटतं. मुलांना मी सांगते, व्यासपीठावर चढलं की आवाज बदलू नका, लक्ष्मीबाईंसारखं बोला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकायला छान आहे. पण मी आज उभी राहिले ती पुढची गोष्ट सांगायला.

चौथ्या की पाचव्या वर्षीची गोष्ट. एक मुलगा होता, बारावी झालेला, आवाज खणखणीत, हुशार. शिबिरात शिकलेल्यांनी पुढच्या रविवारी आपापल्या गावात बोलायचं असा आमचा रिवाज. त्याने पेरणाऱ्याचा दाखला निवडला. आमच्या मराठीत येशूने सांगितलेल्या बोधकथेला 'दाखला' म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय इथलं कुणी बाहेर पडलं नाही, तेव्हा शब्द ओळखीचा आहे. गोष्ट मार्कच्या चौथ्या अध्यायात आहे. एक शेतकरी बी फोकून पेरतो. काही वाटेवर पडतं, ते पाखरं खातात. काही खडकाळीवर पडतं, ते उगवून करपतं. काही काट्यांत पडतं, त्याची वाढ खुंटते. काही चांगल्या जमिनीत पडतं, आणि तीसपट, साठपट, शंभरपट पीक येतं.

त्याची रूपरेषा मी तपासली. चार जमिनी, चार मुद्दे. शेवटचा मुद्दा त्याने लिहिला होता : 'जमीन चांगली असेल, तर पीक येतंच.' मला आवडला. गुळगुळीत होता, लक्षात राहणारा होता. मी खाली बरोबरची खूण केली.

रविवारी मीही त्याच्या गावी गेले. तो अप्रतिम बोलला. शेवटचा मुद्दा त्याने तीनदा म्हटला. ज्याचं मन चांगलं, ज्याची मेहनत खरी, त्याच्या घरात देव पीक देतोच. उपासना संपली. लोक त्याची पाठ थोपटत होते. तिसऱ्या ओळीतल्या एक बाई तशाच बसून होत्या. मी जवळ गेले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, जमीन तं चांगलीच व्हती आमची."

त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. कसे गेले ते या सभागृहात मी फोड करून सांगायची गरज नाही. आपण बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आहोत. मृगात पेरलेलं सोयाबीन पावसाने दगा दिल्यावर मोडून दुबार पेरणी करणं म्हणजे काय, आणि त्या दुसऱ्या पेरणीचं बियाणं कुणाकडून पैसे घेऊन आणावं लागतं, हे आपल्याला माहीत आहे.

आमच्या धंद्यात एखादी चूक ग्राहकापर्यंत पोचली, तर पहिला प्रश्न असतो : तपासलं कुणी होतं? इथे उत्तर सरळ होतं. मुलगा अठरा वर्षांचा होता. खूण माझी होती.

त्या रात्री मी तो अध्याय पुन्हा वाचला. दाखल्याचा अर्थ पुढे तिथेच दिलेला आहे. बी म्हणजे वचन, जमीन म्हणजे ऐकणारी माणसं. शेतकऱ्याच्या वार्षिक उत्पन्नाबद्दल त्यात अवाक्षरही नाही. चित्र शेतीचं होतं; आम्ही चित्रालाच अर्थ समजलो. उताऱ्यात नसलेलं त्याच्या तोंडी घातलं. उलट, चांगल्या माणसाचं चांगलंच होतं आणि ज्याचं वाईट झालं त्याचं काहीतरी चुकलं असणार, हा हिशेब येशूने स्वतः नाकारलेला आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, तर नाही, असं तो स्पष्ट सांगतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप कुणाचं, याचं की आईबापांचं. तिथेही उत्तर तेच, दोघांचंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि तो मुलगा त्या बाईंच्या घरी गेलो. माफी मागायला काय शब्द वापरायचे याची रूपरेषा काही माझ्याजवळ नव्हती. मी म्हटलं, "चूक माझी आहे." त्यांनी चहा केला. मुलगा एक शब्द बोलला नाही. निघताना त्यांनी त्यालाच विचारलं, "पुढच्या शिक्षणाचं काय केलं बापू?" बस, एवढंच.

तेव्हापासून आमच्या रूपरेषेच्या कागदावर सहा प्रश्न असतात. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, जे सरपंच, वकील, विमा प्रतिनिधी आहेत, त्यांनाही ते चालतील, म्हणून सांगते. एक : उतारा तीनदा मोठ्याने वाचला का? दोन : त्यात काय आहे, ते एका वाक्यात. तीन : त्यात काय नाही? चार : तीनच मुद्दे, प्रत्येकी एका ओळीत, आपल्या रोजच्या बोलीत. पाच : उदाहरण आपल्या गावातलं आणि खरं; पण ज्याचं आहे त्याला विचारून. सहा : समोर कोण बसलं आहे? हा शेवटचा प्रश्न मुलांनी नावांनिशी सोडवायचा. कोण आजारी आहे, कुणाकडे पीक गेलं, कोण नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं. नावं लिहायची, आणि मग चारही मुद्दे... माफ करा, तीनही मुद्दे त्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत मनात म्हणून पाहायचे. जो मुद्दा म्हणता येत नाही, तो खोडायचा.

पेरणाऱ्याचा दाखला आम्ही टाकून दिला नाही. पुढच्या वर्षी मुलांनीच तो पुन्हा काढला. एक पोरगा म्हणाला, "ताई, आमच्या इथं कुणी वाटेवर बी टाकलं तर बाप घरात घेणार नाही. बॅग केवढ्याला येते!" मी म्हटलं, हाच मुद्दा लिही. पेरणारा हिशेब करून पेरत नाही. वाटेवरही टाकतो, खडकावरही टाकतो. कोणती जमीन चांगली हे तो आधी ठरवत नाही. त्यावर मुलांनी जी रूपरेषा केली ती माझ्या आधीच्या कोणत्याही रूपरेषेपेक्षा चांगली होती.

आणि तो मुलगा? दोन वर्षं तो बोलायला उभा राहिला नाही. शिबिराला यायचा, सतरंज्या घालायचा, पाणी भरायचा. तिसऱ्या वर्षी स्वतःहून कागद घेऊन आला. उतारा शिलोहाच्या बुरुजाचा. मुद्दे दोनच होते. मी विचारलं, तिसरा? तो म्हणाला, "ती माणसं का मेली ते यात सांगितलेलं नाही. तिसरा मुद्दा बनवला तर मी आपल्या मनचं घालीन." त्याच्या गावात तो चार मिनिटं बोलला आणि खाली बसला. कुणी पाठ थोपटली नाही. त्या बाई त्या रविवारी नव्हत्या, मुलीकडे गेल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं, पण तसं घडलं नाही.

बाई, तुम्ही आमच्या वहीत गोष्टीखाली तात्पर्य लिहायला लावायचात, आणि एकदा माझं तात्पर्य लाल शाईने खोडून बाजूला लिहिलं होतं, 'गोष्टीत हे कुठे आहे?' मी तेव्हा रुसले होते. दोन मार्क गेले होते. आज तो प्रश्न आमच्या कागदावर तिसऱ्या क्रमांकावर आहे.

आपण सगळेच आता कुठे ना कुठे उभे राहून कुणाला तरी काही सांगण्याच्या वयात आलो आहोत. घरात, वर्गात, ग्रामसभेत. बोलण्याआधी तिसऱ्या ओळीत कोण बसलं आहे, एवढं आपण बघूया.