नाजूक प्रकृतीचें मूल आणि दंतवैद्याची पायरी



ज्या घरांत एखादें मूल हृदयाचा दोष घेऊन जन्मास येतें, त्या घरच्या माणसांना इस्पितळाची वाट अंगणाइतकी परिचयाची होते. हृदयतज्ज्ञांनीं दिलेली तारीख आईबाप कधीं चुकवीत नाहींत. पण दंतवैद्याचा विषय निघाला, कीं "दुधाचेच तर दांत, आज ना उद्यां पडावयाचे," असें म्हणून तो मागें टाकला जातो. मींहि तेंच केलें. माझ्या मुलीच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरला, तेव्हां डॉक्टरांनीं तिला तोंड उघडावयास सांगितलें, आणि किडलेल्या दोन दाढा पाहून तो दिवसच पुढें ढकलला. त्या दिवशीं मी जें शिकलें, तें आपणांस सांगावें म्हणून आज बोलत आहें.

तिच्या दोषाला 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो' म्हणतात. फॅलो या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास भोंक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महारोहिणीचें मूळ त्या भोंकावर सरकलेलें आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड, असे हे चार दोष. रक्त फुप्फुसांत पुरेसें जात नाहीं, आणि मुलाचे ओठ व नखें निळसर दिसतात. १९४४ सालीं बाल्टिमोर येथें अशा मुलावर पहिली शस्त्रक्रिया झाली. तिच्या मागें हेलन टाउसिग, आल्फ्रेड ब्लेलॉक व व्हिव्हियन टॉमस या तिघांची बुद्धि होती. तत्पूर्वीं अशा मुलांच्या आयांना धीराखेरीज देण्यासारखें वैद्यांजवळ फारसें कांहींच नव्हतें.

आतां दांतांचा व हृदयाचा संबंध काय? किडलेल्या दांतांतून व सुजलेल्या हिरड्यांतून तोंडांतील जंतु रक्तांत शिरतात. निरोगी हृदयांत त्यांना सहसा थारा मिळत नाहीं. पण जेथें दोषामुळें रक्ताचा प्रवाह वेडावांकडा आदळतो, तेथें ते चिकटून बसूं शकतात व हृदयाच्या आंतल्या अस्तरास सूज आणतात. हा विकार जीवावर बेततो. म्हणून ज्यांना धोका अधिक, त्यांना दांत काढण्यापूर्वीं किंवा हिरडीस जखम होईल अशा कामापूर्वीं अर्धा ते एक तास आधीं जंतुनाशक औषधाची एक मात्रा देतात. शस्त्रक्रिया न झालेलीं निळीं मुलें या गटांत येतात. हृदयाचा प्रत्येक दोष मात्र त्यांत येत नाहीं. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २००७ सालीं ही यादी बरीच आंखूड केली. दुधाचा दांत आपोआप पडला, तर या औषधाची गरज नसते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. ती घरीं ठरवूं नये. आणि या एका मात्रेपेक्षां रोज दोन वेळां दांत घासण्याचें मोल अधिक आहे.

दंतवैद्याकडे जातांना एक वही जवळ ठेवावी. तींत दोषाचें नांव, चालू औषधें व त्यांचीं प्रमाणें, न सोसणारें औषध आणि हृदयतज्ज्ञांचा दूरध्वनि लिहून ठेवावा. भेट सकाळची पहिली घ्यावी. निळ्या मुलाचें रक्त दाट असतें. त्याला पाण्यावांचून फार वेळ ताटकळत ठेवणें बरें नव्हे. गोड पातळ औषध दिल्यावर चूळ भरवावी, आणि रात्रीं दुधाची बाटली तोंडांत ठेवून मुलाला निजवूं नये.

आणखी एक गोष्ट. "रडलीस तर डॉक्टर सुई टोंचतील," हें वाक्य आपल्या घरांतून हद्दपार करावें. अशा मुलाला रडतां रडतां निळेपणाचा झटका येऊं शकतो. तसें झाल्यास त्याचे गुडघे छातीशीं घेऊन त्याला कुशींत धरावें व तत्काळ डॉक्टरांस बोलवावें. "कांहीं दुखणार नाहीं," असें खोटेंहि सांगूं नये. किंचित् दुखेल, मी हात धरून बसेन, एवढें खरें सांगितलें कीं पुष्कळ मुलें धीर धरतात. दांतांच्या कामानंतर कांहीं दिवसांनीं विनाकारण ताप आला, तर घरांतलें उरलेलें जंतुनाशक औषध देऊं नये. तें पोटांत गेल्यावर रक्ताच्या तपासणींत जंतु सांपडणें कठीण होतें.

सन २०१३ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात हृदयदोष व दंतक्षय या दोहोंचीहि तपासणी ठेवलेली आहे. ज्यांनीं तो कार्यक्रम आंखला, त्यांना जें उमगलें होतें, तें मला, आई असून, उमगलें नव्हतें.

माझ्या मुलीच्या दाढा काढल्या, आणि तीन महिन्यांनीं शस्त्रक्रिया नीट पार पडली. पण त्या तीन महिन्यांतली प्रत्येक रात्र मीं तिचा श्वास मोजीत काढली. आपल्यापैकीं कोणावर ती पाळी येऊं नये, एवढीच इच्छा.