गॅसबत्तीची जाळी आणि किरणगणक

मालवणच्या किनाऱ्यावर जत्रेच्या रात्रीं दशावताराचा खेळ उभा राही, तेव्हां देवळाच्या आवारांत दोन-तीन गॅसबत्त्या टांगलेल्या असत. त्या झगझगीत पांढऱ्या उजेडांत काळा संकासुर नाचत आला कीं मुलें आईच्या पदराआड दडत. तो उजेड देणारी वस्तु म्हणजे धाग्यांची विणलेली एक लहानशी जाळी, जिला व्यापारी मेंटल म्हणतात. या जाळीला थोरियमच्या क्षाराचें पाणी पाजलेलें असे. पहिल्याच वेळीं धागा जळून जाई. मागें उरे तो थोरियमच्या भस्माचा नाजूक सांगाडा, आणि तोच तापून प्रकाशत असे. ज्या उजेडांत कित्येक पिढ्यांनीं देवासुरांचें युद्ध पाहिलें, त्याच्या मुळाशीं एक किरणोत्सर्गी मूलद्रव्य होतें, हें पाहणाऱ्यांपैकीं क्वचितच कोणाला ठाऊक असेल.

ही जाळी कार्ल आउअर फोन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाच्या प्रयोगांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाली. तिच्यांत ९९ भाग थोरियम व १ भाग सेरियम यांचीं भस्में असत. पुढें १९०९ सालीं शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत मोनाझाइटचे कण आढळले, आणि हिंदुस्थानच्या दक्षिण टोंकाकडील वाळू थोरियमसाठीं जगप्रसिद्ध झाली. काथ्या वळणें हा कोंकणांतील माणसाच्या नित्य परिचयाचा उद्योग. त्या काथ्याच्या धुळींतून असा शोध लागावा, ही गोष्ट मालवणकरांना विशेष वाटेल.

आज गॅसबत्ती माळ्यावर गेली आहे. परंतु जुन्या जाळीचें एखादें न जळलेलें पाकीट घरांत सांपडलें, तर त्याचा एक नवाच उपयोग होतो. हौशी लोक घरीं जे किरणगणक बाळगतात, त्यांची परीक्षा घेण्यास ही जाळी उपयोगी पडते. २०११ सालीं जपानांत फुकुशिमा येथें अणुभट्ट्यांचा अपघात झाला; त्यानंतर तेथील स्वयंसेवकांनीं सेफकास्ट या संस्थेमार्फत मोटारीला गणक बांधून रस्तोरस्तीं मोजणी केली. तेव्हांपासून हीं यंत्रें स्वस्त झालीं, जुळवणीचे सुटे भागही मिळूं लागले, आणि यंत्र विकत घेणें, उघडून पाहणें, सुधारणें हा एक छंद होऊन बसला. छंद चांगला आहे. पण त्यांत चुकीच्या आंकड्यानें माणूस विनाकारण घाबरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे विनाकारण निर्धास्त होतो. म्हणून यंत्राची पारख कशी करावी, हें जाणणें अगत्याचें आहे.

यंत्राचा प्राण म्हणजे त्यांतील नळी. हान्स गायगर यानें १९०८ सालीं मॅंचेस्टर येथें रदरफोर्डबरोबर काम करीत असतां पहिला गणक बनविला, आणि १९२८ सालीं वाल्टर म्यूलर या शिष्याच्या साहाय्यानें त्याला आजचें रूप दिलें. धातूच्या नळीच्या मधोमध एक तार, आंत विरळ केलेला निऑनसारखा वायु व त्यांत ब्रोमिनसारख्या द्रव्याचा अंश, आणि तार व नळी यांमध्यें सुमारें ४०० व्होल्टचा दाब, एवढीच ती रचना. किरण आंत शिरला कीं वायूच्या अणूंतून एखादा इलेक्ट्रॉन सुटतो, तो तारेकडे धांवतां धांवतां दुसऱ्यांना सोडवितो, आणि डोंगरावरून दरड कोसळावी तसा इलेक्ट्रॉनांचा लोंढा तारेवर येतो. कानाला एक टिचकी ऐकूं येते. ब्रोमिन तो लोंढा शमवितें व नळी पुढच्या किरणासाठीं सज्ज होते. किरण आला एवढेंच नळी सांगते. तो कोणत्या जातीचा व किती जोराचा, हें तिला सांगतां येत नाहीं.

तेव्हां यंत्र पारखतांना पहिला प्रश्न त्याच्या सुबक पडद्याविषयीं नसून नळीविषयीं असावा. हौशी लोकांत सर्वांत प्रिय अशी रशियन बनावटीची एसबीएम-२० नळी पातळ पोलादाची असते. तिला गॅमा व जोरदार बीटा किरण कळतात. अल्फा कण मात्र पोलादाच्या भिंतीवरच थांबतात. अल्फासाठीं अभ्रकाची खिडकी असलेली नळी लागते. ही खिडकी केसाच्या जाडीच्या सुमारें दशांशाइतकी पातळ असते आणि बोटाच्या स्पर्शानें फुटते. येथें सिंधुदुर्गाच्या रहिवाशाला आपल्या विजयदुर्गाची आठवण व्हावी. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं ज्या खग्रास ग्रहणाची छाया या किनाऱ्यावरून गेली, त्यांत सूर्याच्या प्रकाशांत एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, व तिच्याच अभ्यासांतून पुढें हेलियमचें नांव जन्मास आलें. अल्फा कण म्हणजे त्या हेलियमचाच गाभा होय.

दुसरी परीक्षा मोजणीची. कोठेंही कांहीं न ठेवतां अशी नळी मिनिटाला सुमारें वीस टिचक्या देते. त्या जमिनीच्या, भिंतींच्या व आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांच्या असतात. या टिचक्या घड्याळासारख्या नियमित नसतात. वीस मोजल्या तर त्यांत चार-पांचांचा चढउतार स्वाभाविक आहे. दहा मिनिटांत दोनशें मोजल्या तर चौदांचा, आणि तासाभरांत बाराशें मोजल्या तर पस्तिसांचा. म्हणजे एका मिनिटाचा आंकडा शेंकडा बावीस-तेवीसनें डळमळतो, तर तासाचा शेंकडा तीननें. वीसवरून सव्वीसवर गेलेला क्षणिक आंकडा पाहून धांवाधांव करणाऱ्यानें हें गणित आधीं करावें. त्यानंतर माडाच्या बागेंत घालण्यासाठीं आणलेलें म्युरेट ऑफ पोटॅश पिशवींत बांधून नळीजवळ ठेवावें. त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्यें पोटॅशियम-४० चे सुमारें १६ अणु दर सेकंदाला फुटतात. चांगलें यंत्र दीर्घ मोजणींत ही वाढ दाखवितेंच. थोरियमची जाळी तर त्याहून पुष्कळच मोठ्यानें बोलते. मात्र अलीकडच्या कांहीं जाळ्यांत थोरियमऐवजीं यिट्रियम असतें, तेव्हां ती मुकी राहिली तर दोष यंत्राचा समजूं नये. जाळी बंद पिशवींतच ठेवावी. तिची राख हवेंत उडूं देऊं नये.

आतां यंत्र उघडण्याची गोष्ट. ४०० व्होल्टचा दाब असला तरी त्यामागील विजेचा सांठा अल्प असतो. झटका सहसा घातक ठरत नाहीं, पण हात दचकतो आणि शेजारचें नाजूक मंडल जळतें. म्हणून बॅटरी काढून थोडा वेळ थांबावें. खरी फसगत होते ती दाब मोजतांना. नळीच्या तारेपाशीं सुमारें ५ मेगओहमचा रोधक असतो, आणि नेहमींच्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो. हा मीटर नळीला लावतांच दाब दोघांत वांटला जातो व ४०० व्होल्टच्या जागीं २६७ च दिसतात. नवशिका समजतो कीं दाब कमी आहे. तो स्क्रू फिरवून पडद्यावर ४०० आणतो. मीटर काढून घेतांच नळीवर ६०० व्होल्ट चढतात, तिच्यांत अखंड विसर्जन सुरू होतें, आणि चांगली नळी थोड्याच वेळांत निकामी होते. शेंकडों मेगओहमचा रोध जोडल्याशिवाय हा दाब मोजूं नये, हा धडा पुष्कळांनीं नळ्या गमावून घेतलेला आहे.

मालवणच्या हवेंत दुसरा, अधिक फसवा शत्रु आहे. खारा वारा आणि पावसाळ्याचा दमटपणा यांनीं मंडलाच्या पाटीवर मिठाचा अदृश्य थर बसतो, आणि त्यांतून वीज हळूच गळूं लागते. ही गळती २० मेगओहमच्या रोधाइतकी झाली, तर नळीवर ४०० ऐवजीं ३२० व्होल्टच उरतात. एसबीएम-२० ला नीट काम करण्यास निदान ३५० लागतात. यंत्र बंद पडत नाहीं, किंचाळत नाहीं. तें फक्त कमी मोजतें, आणि सर्व कुशल असल्याचें सांगत राहतें. बिघडलेलें घड्याळ जर नेहमीं भरपूर वेळ आहे असेंच दाखवूं लागलें, तर त्यापेक्षां घड्याळ नसलेलें बरें. यास्तव पाटी शुद्ध स्पिरिटनें पुसावी, पूर्ण वाळवावी, उच्च दाबाच्या भागावर विद्युत्‌रोधक लॅकर चढवावें, पेटींत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि दर महिन्याला तीच पोटॅशची पिशवी तेवढ्याच अंतरावर ठेवून आंकडा वहींत लिहावा. आंकडा उतरूं लागला कीं गळतीची शंका घ्यावी.

नळी बदलण्याचा मोहही अनेकांना होतो. परंतु टिचक्यांवरून मात्रा काढण्याचा गुणक प्रत्येक जातीच्या नळीचा निराळा असतो. नळी बदलून गुणक तसाच ठेवला तर पडद्यावरील मायक्रोसीव्हर्ट निरर्थक ठरतात. शिवाय हा गुणक गॅमा किरणांसाठीं काढलेला असतो. नळी उघडी ठेवून ती जाळीला चिकटविली तर बीटा कणही मोजले जातात, आणि मात्रेचा आंकडा अवास्तव फुगतो. कांचेच्या कित्येक नळ्या तर उन्हांत धरल्या कीं उजेडालाच किरण समजून टिकटिकूं लागतात.

मृगाच्या पहिल्या सरींत एक चमत्कार दिसतो. हवेंतील रेडॉन वायूचीं अपत्यें पावसाबरोबर खालीं येतात आणि मोजणी वाढते. ताडपत्रीवरचें पाणी कागदानें टिपून तो कागद नळीजवळ धरला तर वाढ स्पष्ट कळते. अशा वेळीं अफवा उठण्यास उशीर लागत नाहीं. पण शहाण्यानें दर दहा मिनिटांनीं मोजीत बसावें. त्या अपत्यांचे अर्धायुष्काल सुमारें २७ व २० मिनिटांचे आहेत, त्यामुळें दोन-तीन तासांत आंकडा पूर्वस्थितीच्या जवळ येतो. अणुभट्टीच्या अपघातांतून येणाऱ्या सीझियम-१३७ चें अर्धायुष्य ३० वर्षांचें. तें असें तासांत ओसरणार नाहीं. निसर्गाचा खेळ कोणता व खरें संकट कोणतें, याचा निवाडा येथें घड्याळ करतें.

यंत्र उघडणें वेगळें आणि किरणोत्सर्गी वस्तु उघडणें वेगळें. एप्रिल २०१० मध्यें दिल्लीच्या मायापुरी भागांत भंगार म्हणून विकलें गेलेलें एक जुनें प्रयोगशाळेंतील उपकरण तोडण्यांत आलें. त्यांत कोबाल्ट-६० होतें. कित्येक माणसें आजारी पडलीं व एक कामगार प्राणास मुकला. त्या दुकानांत साधा गणक असता तर तो ओरडून उठला असता. भंगारांत अनोळखी जड शिशाचें भांडें किंवा तीन पात्यांची किरणोत्सर्गाची खूण दिसली, तर दूर होऊन पोलिसांना कळवावें. तेथें हौशी माणसाचें काम संपतें.

सिंधुदुर्गाच्या उत्तरेस, राजापूर तालुक्यांतील माडबन-जैतापूर येथें मोठा अणुवीजप्रकल्प योजिलेला आहे, आणि त्यावरून दीर्घकाळ वाद चालला आहे. वादाचा निर्णय टिचक्यांनीं होणार नाहीं. पण प्रकल्प झाला तरी, न झाला तरी, आजची पातळी काय आहे याची प्रामाणिक नोंद उभय पक्षांच्या उपयोगी पडेल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मापकांचें जाळें देशभर पसरलेलें आहे; गांवच्या शाळेंतील एक निगराणीखालचा गणक त्याची जागा घेणार नाहीं, परंतु मुलांना आंकडा कसा वाचावा हें शिकवील. त्यासाठीं लागणारी सामग्री थोडीच आहे: एक विश्वासू नळी, एक पोटॅशची पिशवी, एक घड्याळ, आणि तारीख, वेळ, पाऊस व मोजणी यांची एक वही. यांतली वहीच सर्वांत स्वस्त असते, आणि बहुधा तिचीच वाण पडते.