कान गोष्टीवर, बोट ओळीवर

हे चार शब्द मुख्यतः शाळाशाळांतल्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी आहेत. पण घरी शाळेत जाणारे मूल आहे अशा आईबापांनी आणि आजीआजोबांनीही जरा कान द्यावा. त्यांच्याकडेही काम आहे.

तिसरी-चौथीच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला उभे करा आणि धडा वाचायला सांगा. ते वाचू लागते, "मा-झ्या, मा-मा-च्या, गा-वा-ला, न-दी, आ-हे." अक्षरे सगळी बरोबर. आता विचारा, "नदी कुठं आहे रे बाळ?" मूल खाली बघते. अक्षरे जुळवता जुळवता वाक्य त्याच्या हातून निसटलेले असते. एवढ्यात मागून कोणी खुदकन हसले, की पुढच्या खेपेला ते उभे राहायलाच तयार होत नाही. पोट दुखते म्हणते, पुस्तक विसरले म्हणते. वाचनाच्या अडचणीत आता लाजेची भर पडली. अशी मुले मठ्ठ नसतात. बाजारात चिल्लर मोजताना, जाळे सोडवताना किंवा गुरे वळताना बघा, किती चलाख असतात ती!

आणि ही दोनचार मुलांची गोष्ट नाही. देशाच्या ग्रामीण भागात 'असर' नावाची पाहणी होते. तिच्यात मुलापुढे दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवतात. २०२२ साली पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच तो वाचता आला. २०२४ साली हा आकडा ४९ च्या आसपास गेला. सुधारणा झाली खरी, पण पाचवीत पोहोचलेली निम्मी मुले दुसरीचे पान वाचू शकत नाहीत, याचा अर्थ काय तो आपण सर्वजण जाणतो. त्यांना पुढे इतिहास, भूगोल, विज्ञान, सगळे वाचूनच शिकायचे असते.

या कामी एका साध्या साधनाची मदत होऊ शकते. त्याला ऑडिओबुक म्हणतात. आपण त्याला बोलके पुस्तक म्हणू. कोणीतरी पुस्तक मोठ्याने, नीट वाचलेले असते आणि तो आवाज मुद्रित करून ठेवलेला असतो. पूर्वी यासाठी तबकडी किंवा ध्वनिफीत लागे. आता घरातल्या मोबाइलवर ते ऐकता येते.

तुम्ही म्हणाल, "अहो, ऐकून वाचायला कसं येईल? ऐकणं निराळं आणि वाचणं निराळं." शंका रास्त आहे. पण आपल्याच गावाकडे बघा. हरिपाठ तोंडपाठ असलेली, शाळेत फारशी न गेलेली माणसे छापील हरिपाठ हातात घेऊन बसतात, म्हणता म्हणता बोट ओळीवरून फिरवतात आणि हळूहळू त्यांची अक्षरांशी ओळख होते. कारण पुढचा शब्द कोणता, हे कानाला आधीच माहीत असते; डोळ्याला तो फक्त ओळखायचा असतो. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एकजण वाचतो आणि गाव ऐकतो. ऐकणाऱ्याच्या कानात पुस्तकी भाषेचे वळण बसते. रेडिओवरचे उदाहरण द्यायचे, तर १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात वर्षभर घरोघरी ऐकली गेली. त्यांचे पुस्तक सरकारच्या प्रकाशन विभागाने काढले ते १९५७ साली. म्हणजे लोकांनी आधी ऐकले, मग वाचले.

शास्त्रज्ञांनीही हा मार्ग तपासून पाहिला आहे. अमेरिकेत कॅरल चॉम्स्की नावाच्या भाषाभ्यासक बाईंनी तिसरीतली, आठ वर्षांच्या आसपासची पाच मुले घेतली. त्यांना अक्षरे येत होती, पण वाचन अडखळत होते. बाईंनी त्यांना गोष्टीची पुस्तके आणि त्याच पुस्तकांच्या ध्वनिफिती दिल्या. ऐका, पानावर बघा, पुन्हा ऐका, आणि ते पुस्तक न अडखळता वाचता येईपर्यंत हेच करा, एवढेच सांगितले. मुलांचे वाचन सुधारले, आणि पुस्तकाला भिणारी ती मुले आपणहून पुस्तक उचलू लागली. हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८६ साली गफ आणि टनमर या दोघांनी एक सुटसुटीत सूत्र मांडले. वाचन म्हणजे अक्षर उलगडता येणे गुणिले ऐकून भाषा समजणे. गुणाकार आहे बरं का, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असले तर उत्तर शून्य. अक्षर येते पण भाषा कळत नाही, तर वाचन नाही. भाषा कळते पण अक्षर येत नाही, तरीही वाचन नाही.

हे सूत्र आपल्या पनवेल तालुक्याला लावून बघा. आगरी घरातले मूल 'पानी' म्हणते, 'डोला' म्हणते. पुस्तकात 'पाणी' आणि 'डोळा' असतो. कर्नाळ्याच्या आणि माथेरानच्या डोंगराखालच्या वाड्यांतून कातकरी आणि ठाकूर मुले येतात, त्यांची बोली आणखी वेगळी. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली; कामाधंद्यासाठी चहूकडून माणसे आली, आणि घरी हिंदी किंवा कानडी बोलणारी मुलेही मराठी शाळेत बसू लागली. या मुलांची बोली चुकीची नाही. ती त्यांच्या आईची भाषा आहे. पण पुस्तकाची मराठी त्यांच्या कानावर फारशी पडलेली नसते. जे वाक्य कानाने कधी ऐकले नाही, ते डोळ्याने कसे ओळखायचे?

शिवाय आपली लिपी कितीही चोख असली, तरी सगळेच सांगत नाही. 'चार' आणि 'चारा' लिहा. च एकच. पण मोजायचे 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते आणि गुरांना घालायचा 'चारा' म्हणताना दातांमागे जाते. 'जहाज' या शब्दात तर पहिला ज एका तऱ्हेचा आणि शेवटचा दुसऱ्या. 'सिंह' लिहितो तसा उच्चारत नाही. कुठे थांबायचे, प्रश्नाला सूर कसा चढवायचा, हे तर पानावर जवळजवळ नसतेच. ते ऐकूनच येते. बोलके पुस्तक हे सगळे मुलाच्या कानात घालते, आणि शंभरदा घातले तरी कंटाळत नाही.

आता ते वापरायचे कसे? इथेच खरी मेख आहे. नुसती गोष्ट लावून दिली आणि मूल ऐकत लोळले, तर करमणूक होईल, शब्दही वाढतील. वाचन येणार नाही. हातात तेच पुस्तक हवे आणि बोट ओळीवर हवे.

गोष्ट लहान घ्या, दहाबारा पानांची. आवाजातला शब्द आणि पानावरचा शब्द एकच असला पाहिजे. पहिल्या दिवशी नुसते ऐकू द्या, चित्रे बघू द्या, गोष्टीवर गप्पा मारा. दुसऱ्या दिवशी आवाजाबरोबर शब्दाशब्दाखाली बोट फिरू द्या. बोट मागे राहिले तर थांबवा, मागे जा. रेडिओ थांबवता येत नाही, बोलके पुस्तक येते. त्याचा मोठा गुण हाच. तिसऱ्या दिवशी मुलाने आवाजाबरोबर हलक्या सुरात वाचावे. चौथ्या दिवशी आवाज बंद. एकच परिच्छेद, एकट्याने. आणि पाचव्या दिवशी ते पान पहिलीच्या मुलांना किंवा घरी आजीला वाचून दाखवायचे.

हा पाचवा दिवस कधी गाळू नका. चौथीतले मूल पहिलीच्या मुलांपुढे न अडखळता गोष्ट वाचते आणि ती पोरे तोंडाचा आ करून ऐकतात, तेव्हा त्या मुलाच्या मनात काहीतरी सरळ उभे राहते. यंत्राला त्याचे कौतुक करता येत नाही. ते माणसानेच करायचे असते.

"पण मूल पाठ करून म्हणत असेल तर?" असे एखादे गुरुजी विचारतील. सुरुवातीला पाठच करेल. त्यात बिघडत नाही. मात्र मधूनच एक ओळ दाखवून वाचायला सांगा. गोष्टीतले दहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, उलटसुलट मांडा आणि ओळखायला सांगा. शेवटी तेच शब्द वापरून, त्याने कधी न ऐकलेली दोन वाक्ये फळ्यावर लिहा. ती वाचली, तर ते वाचन. नाही वाचली, तर आणखी दोन दिवस बोट आणि कान.

बोलकी पुस्तके मिळतात कुठे? प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, आणि तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्याने गोष्टीचा आणि लेखकाचा उल्लेख करून तुम्ही त्या आपल्या आवाजात मुद्रित करू शकता. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झाले आहे. पण माझी शिफारस वेगळी आहे. पहिले बोलके पुस्तक शाळेनेच तयार करावे. मोबाइल हातात घ्या, पंखा बंद करा, दार लोटा आणि बाईंनी गोष्ट वाचावी. बाजारातली ध्वनिपुस्तके मोठ्यांच्या वेगाने वाचलेली असतात, शिकणाऱ्याचे बोट त्यांच्यामागे धावू शकत नाही. निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, हे ध्येय ठेवले आहे. मुद्रण त्याच सुमाराच्या वेगाने करा, पण शब्द तोडू नका. पान संपले की एक टाळी वाजवा, म्हणजे मुलाला पान उलटायचे कळेल. ओळखीचा आवाज मुलाला धीर देतो.

त्याच्याही पुढे जाता येईल. वाडीतल्या एखाद्या आजीची गोष्ट तिच्याच बोलीत मुद्रित करा. मग वर्गाने मिळून ती जशीच्या तशी मोठ्या कागदावर लिहावी. आपल्या आजीचे बोलणे अक्षरांत दिसू शकते, हे ज्या मुलाला कळले, त्याला पुस्तक परके वाटत नाही. बोलीतून प्रमाण मराठीकडे जायला वाट सापडते.

दोनशिक्षकी शाळांना याचा आणखी एक उपयोग आहे. गुरुजी चौथीला गणित शिकवत असताना दुसरीची चारपाच मुले कोपऱ्यात एका मोबाइलभोवती, पुस्तके उघडून बसू शकतात. आणि जी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात, त्यांच्या मुलांचा विचार करा. कष्टाने आलेली अक्षरे त्या महिन्यांत पुसली जातात. निघताना त्या मुलाच्या हाती चार पातळ पुस्तके द्या आणि बापाच्या मोबाइलमध्ये त्याच चार गोष्टी भरून द्या. एकदा भरल्या की त्यांना ना रेंज लागते, ना पैसे. दिवसा मोबाइल बापाबरोबर जाईल, पण संध्याकाळी चूल पेटल्यावर अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. ही शाळा नव्हे, शाळेची जागाही ती घेऊ शकणार नाही. पण परतल्यावर ते मूल पहिल्या पायरीवर नसेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ज्याला अक्षरच येत नाही, त्याला आधी अक्षर शिकवले पाहिजे; बोलके पुस्तक ते काम करणार नाही. आणि पुष्कळ प्रयत्न करूनही मूल अडतच असेल, तर त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. काही हुशार मुलांना वाचनच जड जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेची नोंद आहे. अशा मुलाला छडी नको, मदत हवी.

आईबापांना एकच सांगणे. तुम्हाला वाचता येत नसले, तरी मुलाजवळ बसा. गोष्ट लावा, त्याला ओळीवर बोट ठेवायला सांगा आणि शेवटी म्हणा, "आता आवाज बंद कर, आणि तू मला वाचून दाखव." चूक काढायला तुम्हाला आले नाही तरी चालेल. आपले वाचन ऐकायला कोणीतरी बसले आहे, एवढे त्या मुलाला कळू द्या.

उद्या संध्याकाळपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? एक मोबाइल, एक पातळ पुस्तक आणि एक लहानसे बोट.