भात पिकलं, भात शिजला
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला चार शब्द बोलण्यास सांगितले. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे भात.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला भात काय समजावून सांगायचा, असे तुम्ही म्हणाल. पण आपण बोलतो कसे, ते जरा कान देऊन ऐका. बांधावर उभे राहून आपण विचारतो, ‘यंदा भात कसं आहे?’ आणि पानावर बसल्यावर विचारतो, ‘भात कसा झालाय?’ शेतातले, कणगीतले, तुसासकटचे ते भात नपुंसकलिंगी. पातेल्यातला शिजलेला तो भात पुल्लिंगी. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी कोशातही हे दोन भात वेगळे नोंदलेले आहेत. मधल्या अवस्थेचे नाव तिसरेच, तांदूळ. म्हणजे भरडल्यावर भात आपले नाव टाकते आणि आधणात पडून शिजल्यावर तेच नाव पुन्हा घेते, पण लिंग बदलून. शाळेत व्याकरणाला कंटाळलेल्या मुलांना हे सांगावे. त्यांच्या आजीला हे व्याकरण न शिकता येत होते.

गोव्यात गेलात तर कोकणीत भात म्हणजे फक्त तुसासकटचे, शिजवलेल्याला तिथे शीत म्हणतात. आपल्याकडे शीत म्हणजे शिजलेला एक दाणा. शितावरून भाताची परीक्षा होते ती त्याच्यावरूनच. भंडारा-गोंदियाकडे शेतातल्या पिकाला धान म्हणतात, म्हणून सरकारी कागदावर ‘धान/भात’ असा जोडशब्द लिहावा लागतो. इंग्रजांना तर तुसासकटच्या दाण्यासाठी ‘पॅडी’ हा शब्द मलायी भाषेतून उसना घ्यावा लागला.

हा शब्द आला कोठून? संस्कृतात ‘भज्’ म्हणजे वाटणे, तसेच सेवा करणे. त्यावरून भक्त. वाटून दिलेले, वाट्याला आलेले ते भक्त, म्हणजे अन्न. प्राकृतात त्याचे भत्त झाले आणि मराठीत भात. देवाच्या दारी उभा राहतो तो भक्तही याच धातूचा. भाग हा शब्द त्याचाच, आणि भाऊभाऊ चुली वेगळ्या करून विभक्त होतात तो शब्दही त्याचाच. आपल्या भातसा नदीच्या नावातही भात ऐकू येतो, पण कानाला सारखे लागले म्हणून नाते जोडण्याचा मोह मी आवरतो.

बाकी शब्दांचे म्हणाल तर आपल्या घरांत त्यांची रास आहे. आधी हळवे येते, मग निमगरवे, शेवटी गरवे. राब भाजायचा, रोप टाकायचे, लावणी, कापणी, झोडणी. झोडल्यावर राहतो तो पेंढा, भरडल्यावर निघते ते तूस, सडल्यावर पडतो तो कोंडा. फुटलेला दाणा ती कणी, आणि कणीची पेज आजाऱ्याला. न फुटलेला, अखंड दाणा ती अक्षत. क्षत म्हणजे जखम. जिला जखम नाही ती अक्षत, म्हणून ती लग्नात वधूवरांच्या डोक्यावर आणि पूजेत देवाच्या पायावर. वारली बांधवांकडे धान्याचीच देवी आहे, तिला ते कणसरी म्हणतात. नाचणी-वरईवर दिवस काढणाऱ्या घरांनीही शिजवलेल्या वरईला ‘वरईचा भात’ म्हटले. मला हे फार बोलके वाटते. ताटात तांदूळ नसला तरी जेवणाला नाव मात्र भाताचेच.

आता जिथे हा शब्द पोटाशी येतो तिथे वळतो. शंभर किलो भात गिरणीत घातले, तर साधारण 65 ते 67 किलो तांदूळ हाती लागतो. तिसरा हिस्सा तुसाकोंड्यात जातो. म्हणून देण्याघेण्यात भात बोललो की तांदूळ बोललो, याला फार अर्थ होता. कूळ खंड द्यायचे तो भातात. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटी आणायची आणि सुगीला ती दिढीने फेडायची, मणाला दीड मण. पावसाळ्यात तांदूळ उचलला की भात उचलले, माप कोणाचे, शीग लावून की सपाट, हे ज्याला नीट सांगता येत नसे त्याचे खळे खळ्यावरच रिकामे होई. अशा माणसाला ‘भात’ आणि ‘तांदूळ’ हे समानार्थी शब्द आहेत असे कोणी सांगितले असते, तर तो हसला असता किंवा रडला असता.

या जाचातून शेतकरी सुटावा म्हणून माथेरानच्या भाई कोतवालांनी धान्यकोठ्या काढल्या. पेढी पैशांची असते तशी ही दाण्यांची. अडीनडीला तिथून न्यावे, सुगीला तिथे भरावे, सावकाराची पायरी चढू नये. 2 जानेवारी 1943 रोजी ते आणि हिराजी पाटील आपल्या मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हुतात्मा झाले. दरवर्षी आपण तिथे जातो, बंदुकीची आणि विजेचे मनोरे पाडल्याची गोष्ट सांगतो. सांगावीच. पण त्या कोठ्यांची गोष्टही मुलांना सांगत जा. इंग्रज पुष्कळांना लांबून दिसत होता, सावकार खळ्यावर येऊन बसत होता.

पुढे कूळकायदा आला, 1972 साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या केंद्रावर खरेदी होते ती भाताची आणि हमीभाव जाहीर होतो तोही भाताचा. कल्याणला नोकरी करणारा मुलगा दुकानातल्या तांदळाचा भाव मनात धरून बापाला विचारतो, ‘बाबा, तुम्हाला एवढेच कसे मिळाले?’ बापाने त्याला गिरणीवर न्यावे आणि तूस पडते ती बाजू दाखवावी.

आता पलीकडे मंडपात चुली पेटल्या आहेत, वास इथवर येतो आहे, आणि तुमचे लक्ष माझ्याकडून तिकडे गेले आहे हे मला दिसते. या कामासाठी घरोघरून आलेल्या पायल्या समितीच्या वहीत ‘भात’ म्हणूनच जमा झाल्या. ते भात मागच्या आठवड्यात गिरणीतून भरडून आणले. त्याचा भात झाला की नाही, ते आचारी मंडळी सांगतील. तेव्हा मी थांबतो.