सायकलीवरून पात्रादेवीला

फ्रान्स देशात १९१९ साली सायकलींची एक विलक्षण शर्यत झाली. पहिले महायुद्ध थांबून जेमतेम सहा महिने लोटले होते. एका वृत्तपत्राने ही शर्यत रणभूमीवरूनच नेण्याचे ठरविले. स्ट्रासबर्ग येथून निघून बेल्जममार्गे पुन्हा स्ट्रासबर्ग येथे परत, असा सुमारे दोन हजार किलोमीटरांचा फेरा सात टप्प्यांत पुरा करावयाचा होता. रस्ते तोफगोळ्यांनी उखडलेले, गावांच्या जागी विटांचे ढीग, वर पाऊस आणि बर्फ! अशा वाटेने चिखल तुडवीत शार्ल द्रुइटर नावाचा बेल्जियन गडी पहिला आला. आज त्याच प्रदेशात हिरवी शेते आहेत, आणि लोक सुटीच्या दिवशी सायकली घेऊन तेथे जातात. वाटेत स्मशाने लागतात, स्मारके लागतात. नव शापेल या खेड्यापाशी आपल्या हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. १९२७ साली उभारलेल्या त्या स्मारकावर चार हजार सातशेंहून अधिक नावे कोरलेली आहेत.

ही हकीकत मी वर्गात सांगत होतो. मुले रंगून ऐकत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ''सर, आपल्याकडे असे काही झाले नाही का?'' मी १९६१ सालचे नाव घेतले, गोव्याच्या मुक्तीविषयी चार वाक्ये बोललो. तिने पुन्हा विचारले, ''पण आपल्याकडे म्हणजे कुठे?'' तेव्हा मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. वीस वर्षे मुलांना शिकविणारा मी. फ्रान्समधील खेड्याचे नाव मला ठाऊक होते, आणि माझ्याच तालुक्यातील मावळिंग्याला काय घडले ते ठाऊक नव्हते.

त्या लाजेपोटी मी माडीवरची जुनी सायकल खाली काढली. चेनला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलून घेतले आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे कारापूरहून निघालो. सोबत पंप, पाण्याची बाटली आणि पत्नीने बांधून दिलेले पाव एवढेच सामान होते.

आमचे कारापूर वाळवंटीच्या काठी वसले आहे. नदीपलीकडे साखळी, अलीकडे विठ्ठलापुरातील विठोबाचे देऊळ. हा सारा राणे घराण्याच्या पराक्रमाचा प्रदेश. दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीतील नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध जे बंड उभारले, ते तीन वर्षे धुमसत राहिले. पुढे १८९५ साली आफ्रिकेत लढावयास जाण्याचे नाकारून मराठा शिपाई बिघडले आणि दादा राणे त्यांना येऊन मिळाले. आमच्या भागातला हा डोंगरमुलूख म्हणजे जुने रणक्षेत्रच होय. फक्त आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही.

डिसेंबर १९६१ मधील चकमकींतील पहिली ठिणगी डिचोली तालुक्यातच पडली. १७ डिसेंबर रोजी भारतीय सैन्याच्या एका तुकडीने मावळिंगे घेतले. त्या चकमकीत दोन पोर्तुगीज सैनिक ठार झाले. दुसऱ्या दिवशी मुख्य चढाई झाली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या पन्नासाव्या छत्रीधारी ब्रिगेडचे सैन्य उत्तरेकडून तीन वाटांनी उतरले. मराठा पलटण फोंड्याच्या रोखाने, पंजाब पलटण बाणस्तारीकडे, आणि शीख पलटण रणगाड्यांसह थिवीच्या वाटेने बेतीकडे निघाली. माघार घेताना पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडवून दिले. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती झाली आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली.

आमची आजी सांगे, की त्या पहाटे मोठा धडाका झाला. तेव्हा घरच्यांना वाटले, खाणीवर सुरुंग लावला असेल. घरातील कोणीतरी म्हणाले, ''आज खाणवाले लवकर उठले.'' उजाडल्यावर कळले, की तो पूल उडाला. एवढीच तिची लढाई! लहानपणी ही गोष्ट ऐकून आम्ही हसत असू. डिचोलीच्या पुलावर सायकल थांबवून खालचे पाणी पाहताना प्रथमच मला ती गोष्ट हसण्याची वाटली नाही.

सायकलीचा मोठा गुण असा, की ती माणसाला थांबू देते. मोटारीतून जाताना स्मारक मागे पडल्यावर ध्यानात येते. पायी चालावे, तर एका दिवसात पेडणे गाठत नाही. सायकलीवर चढ पायांना कळतो आणि उतार छातीला कळतो. अस्नोड्यावरून थिवी आणि कोलवाळ या वाटेने जाताना जमिनीची घडण समजू लागते. मराठ्यांच्या स्वाऱ्या रोखण्यासाठी पोर्तुगीजांनी बारदेशच्या याच कडेवर कोट आणि खंदक का बांधले, ते नकाशाविनाही उमगते. शापोरा नदी ओलांडली, की पेडणे महाल लागतो. तो पोर्तुगीजांच्या हाती पक्केपणाने आला १७८८ साली, म्हणजे जुन्या काबिजादींनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी.

धारगळच्या पुढे माझे मागचे चाक बसले. अवजड वाहनांच्या त्या रस्त्यावरून, मोपाच्या नव्या विमानतळाकडे धावणाऱ्या मोटारींना वाट देत, मी सायकल ढकलीत एका दुकानापर्यंत नेली. दुकानदार साठीचा होता. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधता शोधता त्याने विचारले, ''खंय चल्ल्यात मास्तर?'' मी पात्रादेवीचे नाव सांगितले. माझ्या गळ्यातील क्रूस त्याने पाहिला असावा. सहज स्वरात तो म्हणाला, ''तुम्ही तर ख्रिस्तांव. तुम्हांला त्या स्मारकाचे काय?''

त्याच्या बोलण्यात डंख नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. असा समज अनेकांच्या मनात असतो, की राज्य पोर्तुगीजांचे, धर्म त्यांचा, तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूचे. मी त्याच्याजवळच्या बाकावर बसलो आणि त्याला १५ ऑगस्ट १९५४ ची हकीकत सांगितली. त्या दिवशी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तीन तुकड्या तीन वाटांनी गोव्यात शिरल्या. तेरेखोलच्या तुकडीचे नायक होते आल्फ्रेड आफोन्सो. बांद्याकडून येणाऱ्या तुकडीचे टोनी डिसोझा. आणि दक्षिणेस पोळेकडील तुकडीचे मार्क फर्नांडिस. तिन्ही नायक ख्रिस्ती होते. आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला.

दुकानदाराने ठिगळावर अंगठा दाबून धरला होता. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ''ही नावे मला कोणी सांगितली नव्हती.'' मी उत्तर दिले, ''मलाही गेल्या वर्षापर्यंत कोणी सांगितली नव्हती.'' त्याने पंक्चरचे पैसे घेतले, पण हवेचे घेतले नाहीत.

पात्रादेवीला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणी सरहद्द ओलांडून आले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसे त्या एका दिवशी पडली. पात्रादेवीला मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय ध्वज घेऊन पुढे होत्या. त्या गोळी लागून जखमी झाल्या, तेव्हा पंजाबातील इसरू गावचा कर्नैल सिंग हा पंचविशीतला तरुण पुढे सरसावला, आणि तेथेच हुतात्मा झाला. इसरू कोठे, पात्रादेवी कोठे! त्याने गोवा त्यापूर्वी पाहिलाही नसेल. मी तेथे टोपी काढून उभा राहिलो. माझ्या धर्माप्रमाणे मृतांसाठी करावयाची प्रार्थना मनात म्हटली. तीत मावळिंग्याचे ते दोन पोर्तुगीज शिपाईही होते. त्यांनाही कोठेतरी आई होतीच.

दुसऱ्या दिवशी केरीहून फेरीबोटीत सायकल घालून तेरेखोलला गेलो. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आत संत अंतोनीची इगर्ज आहे, बाहेर अथांग समुद्र. तटाशी उभे राहिले म्हणजे कळते, की मूठभर माणसांनी येथे ध्वज लावणे म्हणजे परतीची वाट स्वतःच्या हाताने बंद करणे होते. १९५५ च्या सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी येथेच गोळीला बळी पडले. मीही पेशाने गुरुजीच. त्या नावापाशी मला बराच वेळ थांबावेसे वाटले.

सोमवारी वर्गात गेल्यावर मी त्या मुलीला उत्तर दिले. फळ्यावर आमच्या भागाचा नकाशा काढला आणि त्यावर मावळिंगे, डिचोली, अस्नोडा, पात्रादेवी व तेरेखोल अशी पाच टिंबे दिली. मग मुलांना घरचा अभ्यास सांगितला : घरातील सर्वांत वडील माणसाला विचारावयाचे, त्या डिसेंबरात तुम्ही कोठे होता? उत्तरे आली ती लहानलहानच होती. कोणाच्या घरी तीन दिवस चूल पेटली नव्हती. कोणाचे आजोबा रणगाडा पाहावयास धावले होते आणि मार खाऊन परतले होते. पण ती उत्तरे पुस्तकात नव्हती.

तेव्हा जी मुले दहा वर्षांची होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. फ्रान्समध्ये दगडावर नावे कोरून ठेवली आहेत. आपल्याकडे दगड थोडे, आणि आठवण अजून माणसांपाशी आहे. ती माणसे मात्र एकेक करून उठून चालली आहेत. तेव्हा ज्यांच्यापाशी सायकल असेल त्यांनी ती काढावी. ज्यांच्यापाशी नसेल त्यांनी निदान घरच्या पडवीपर्यंत जावे, आणि तेथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावा.